छपरावरच्या पॅनेलला निळा रंग दिला कुणी?

धडगावहून मोलगीकडे निघालं की सातपुड्याच्या उतारांवर दूरदूर विखुरलेली घरं दिसू लागतात. इथला पाडा एका जागी गोळा झालेला नसतो. ज्याचं घर त्याच्या शेताच्या कडेला, एक या टेकडीवर तर दुसरं समोरच्या टेकडीवर. अशा वस्तीत विजेचे खांब न्यायचे म्हणजे एकेका दिव्यासाठी डोंगर चढायचे. म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या कित्येक पाड्यांवर तारांच्या आधी सौरदिवा पोहोचला. छपरावर निळं पॅनेल, भिंतीशी बॅटरी आणि आढ्याला टांगलेला एलईडी. एवढाच सगळा सरंजाम.

पण त्या पॅनेलकडे जरा थांबून बघा. ते निळं का आहे?

प्रश्न साधा वाटतो, पण चक्रावून टाकणारा आहे. पॅनेल सिलिकॉनचं बनतं आणि सिलिकॉन निळं नसतं. त्याचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा करडा, धातूसारखा चकाकणारा दिसतो. वरची काच रंगहीन असते. कारखान्यात कुणी निळा रंग फासत नाही की मिसळत नाही. तरीही पॅनेल निळं दिसतं. मग हा रंग आला कुठून?

उत्तर आहे 75 नॅनोमीटर. नुसती एक जाडी.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आकडा ऐकून काही डोळ्यांसमोर येत नाही ना? मग आपल्या बोटाच्या नखाकडे बघा. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे दर सेकंदाला एक नॅनोमीटर. हे वाक्य वाचेपर्यंत ते पाच-सहा नॅनोमीटर पुढे सरकलंसुद्धा. सव्वा मिनिटात नख जेवढं वाढेल, तेवढाच जाड एक थर त्या पॅनेलमधल्या सिलिकॉनवर चढवलेला असतो. तो थर सिलिकॉन नायट्राइडचा.

तो कशासाठी? कारण उघडं सिलिकॉन उधळ्या स्वभावाचं आहे. त्याच्यावर पडलेल्या उन्हातला जवळजवळ तिसरा हिस्सा ते आल्या पावली परत पाठवतं. जो उजेड आत गेलाच नाही, त्याची वीज कशी होणार? हा परतणारा उजेड अडवायचा कसा?

इथे पहिली करामत आहे. पातळ थर चढवला की उजेड दोन ठिकाणांहून परततो: थोडा थराच्या वरच्या पृष्ठभागावरून, थोडा खालच्या. खालून परतणारी लहर थरातून एकदा खाली आणि एकदा वर जाते, म्हणजे तिला 150 नॅनोमीटरची जादा फेरी पडते. आता नारिंगी प्रकाश घ्या. त्याची लांबी हवेत 600 नॅनोमीटर, पण या थरात प्रकाशाचा वेग निम्मा होतो आणि लहर आखडून 300 नॅनोमीटरची होते. तिच्यासाठी 150 म्हणजे बरोबर अर्धी लहर! वरून परतणाऱ्या लहरीचा उंचवटा जिथे येतो, नेमकी तिथेच खालून येणाऱ्या लहरीची खोलगट बाजू येते. दोघी एकमेकींना पुसून टाकतात. परतीची वाटच मिटली, की उजेडाला आत शिरण्याशिवाय गत्यंतर नाही.

किती अजब आहे हे! उजेडात उजेड मिळवला आणि परतणारा उजेड नाहीसा झाला.

निळ्या प्रकाशाची लहर मात्र आखूड. तिचा हिशोब या जाडीशी जुळत नाही, पूर्ण पुसली जात नाही, आणि तिचा काही भाग परत फिरून आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे पॅनेलचा निळेपणा हा त्याला न पचलेला उजेड. थर थोडा जाड केला, तर तोच पदार्थ, तीच रचना, आणि पॅनेल वेगळ्याच रंगाचं दिसेल. पावसाळ्यात डबक्यावर पसरलेल्या तेलात इंद्रधनुष्य दिसतं त्यामागेही हाच नियम आहे. तेलाच्या तवंगाची जाडी जागोजागी वेगळी, म्हणून रंग जागोजागी वेगळे. फरक इतकाच, की पॅनेलवरची जाडी आपण मोजूनमापून ठेवलेली असते.

ती ठेवतात कशी? हवा उपसून काढलेल्या, सुमारे 400 अंशांना तापवलेल्या पेटीत सायलेन आणि अमोनिया हे दोन वायू सोडायचे आणि विजेच्या जोरावर त्यांचे रेणू फोडायचे. सुटे झालेले अणू सिलिकॉनच्या चकतीवर अलगद बसत जातात. वायूंमधून सुटणारा हायड्रोजनसुद्धा वाया जात नाही. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर असंख्य अणूंचे बंध अर्धवट तुटलेले, लोंबकळत असतात. तिथे इलेक्ट्रॉन अडकतात आणि वीज बुडते. हायड्रोजनचे अणू नेमके त्या तुटक्या टोकांना जाऊन चिकटतात आणि जखमा बुजवतात. एकच थर, दोन कामं: उजेडाला आत घेणं आणि विजेला वाचवणं.

शहादा-तळोद्याच्या सपाटीवर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतली नवी पॅनेल बघितलीत, तर ती निळ्यापेक्षा काळीच जास्त दिसतील. त्यांच्यावरही असाच थर असतो. शिवाय सिलिकॉनचा पृष्ठभाग अल्कलीच्या द्रावणाने कोरून त्यावर डोळ्यांना न दिसणारे मनोरे उभे केलेले असतात. एका मनोऱ्यावरून निसटलेला किरण शेजारच्या मनोऱ्यावर आदळतो आणि आत जायची दुसरी संधी मिळवतो. इतका कमी उजेड परत येतो, की पॅनेल काळं दिसतं. ते जितकं काळं, तितकं ऊन सत्कारणी लागलेलं.

आता आणखी खाली उतरू. अलीकडच्या पॅनेलांत सिलिकॉनच्या पाठीमागे एक थर असतो, फक्त दीड नॅनोमीटरचा. म्हणजे जेमतेम पाच-सहा अणूंची चळत. तो असतो सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे काचेतल्या मुख्य घटकाचा. काचेतून वीज वाहते का? अजिबात नाही. मग वीज बाहेर काढायच्या वाटेवरच ही भिंत कशाला बांधली?

कारण सिलिकॉन जिथे धातूला थेट भिडतं, तिथे विजेची सर्वांत जास्त नासाडी होते. दोघांना वेगळं ठेवणं गरजेचं, आणि वीज तर पलीकडे जायलाच हवी. या पेचातून सोडवतो इलेक्ट्रॉनचा विलक्षण स्वभाव. तो कणासारखा वागतो तसा लहरीसारखाही वागतो, आणि लहर भिंतीशी येऊन एकदम संपत नाही. तिचा क्षीण होत जाणारा शेवट भिंतीच्या आत शिरतो. भिंतच दीड नॅनोमीटरची असेल, तर तो शेवट पलीकडे डोकावतो आणि इलेक्ट्रॉन पलीकडे निघून जातो. भिंतीला भोक न पाडता, तिच्यावरून उडी न मारता! हीच भिंत एक नॅनोमीटरने जाड केली, तर पार होणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या कित्येक हजार पटींनी घसरते. एक सेकंदभर नख वाढावं, एवढ्याशा फरकाने वाट उघडते किंवा बंद होते. आज असे थर जगभरच्या कारखान्यांत कोट्यवधी चकत्यांवर चढवले जातात.

दिवसभर गोळा केलेली वीज रात्रीसाठी राखून ठेवायची, म्हणजे गाठ बॅटरीशी. सौरदिव्यांत आता वाढत्या प्रमाणात लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी येते. नावातलं आयर्न म्हणजे आपलं लोखंडच. महागडं कोबाल्ट नको, निकेल नको. 1997 साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून हा पदार्थ पुढे आला, आणि त्या शोधनिबंधावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत.

पदार्थ स्वस्त, टिकाऊ, सुरक्षित. पण एक मोठी खोट होती: तो फार सुस्त होता. त्याच्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. लिथियमच्या आयनांना ये-जा करायला त्याच्या स्फटिकात बोगदे असतात, पण तेही एका वेळी एकच आयन जाईल इतके अरुंद, आणि सगळे एकाच दिशेने जाणारे. एखादा लोखंडाचा अणू चुकून त्या बोगद्यात बसला, की रहदारी ठप्प.

यावर उपाय काय करणार? पदार्थ बदलायचा? संशोधकांनी मुख्य पदार्थ तोच ठेवला आणि कण बारीक केले. आयनाला कणाच्या आतून बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने ठरतो. कण दहापट लहान केला, की वेळ दहापट नव्हे, शंभरपट कमी होतो! बोगदाही आखूड झाला, त्यामुळे वाटेत अडथळा भेटायची शक्यता घटली. मग प्रत्येक कणावर काही नॅनोमीटरचं कार्बनचं कवच चढवलं आणि इलेक्ट्रॉनांना धावायला रस्ता मिळाला. सुस्त म्हणून बाजूला पडू शकला असता असा पदार्थ आज बस आणि मोटारी पळवतो आहे. गुडइनफ यांना 2019 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, वयाच्या 97 व्या वर्षी. इतक्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कुणी नाही.

नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशा जागी या बॅटरीचा दुसरा गुण महत्त्वाचा ठरतो. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो, की तापल्यावरही सहजी सुटत नाही. ऑक्सिजन सुटला नाही, तर आगीला खाद्य मिळत नाही.

बारीक करण्याने एवढं काय साधतं, ते एका हिशोबात बघा. एक सेंटिमीटरचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचं मिळून क्षेत्रफळ 6 चौरस सेंटिमीटर. आता त्याचे दहा-दहा नॅनोमीटरचे घन करा. पदार्थ तेवढाच, वजन तेवढंच, पण आता सगळ्या पृष्ठभागांची बेरीज होते 600 चौरस मीटर. जवळजवळ सहा गुंठे! चिमटीत मावणाऱ्या तुकड्यात सहा गुंठे जमीन दडलेली होती. बॅटरीत रासायनिक देवाणघेवाण पृष्ठभागावरूनच होते. काही मिनिटांत भरणाऱ्या आणि क्षणात शक्ती देणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये तर विद्युतभार पृष्ठभागालगतच साठतो. म्हणूनच ऊर्जेवर काम करणारे संशोधक पदार्थाला सच्छिद्र, तंतुमय, पाकळ्यापाकळ्यांचा करायच्या मागे लागलेले असतात. प्रत्येक नवी पाकळी म्हणजे वाढलेली जमीन.

आता दिवा लावू या. बंद असलेल्या एलईडीकडे जवळून बघितलं, तर पिवळा ठिपका दिसतो. पेटवला की उजेड पांढरा. तो पिवळा ठिपका हा वरून दिलेला लेप आहे आणि खरा दिवा त्याच्या खाली आहे, तोही निळा! निळ्या उजेडाचा काही भाग लेप शोषून घेतो आणि पिवळा करून परत देतो. निळा आणि पिवळा एकत्र डोळ्यांत शिरले, की आपल्याला पांढरं दिसतं.

आणि तो निळा उजेड जन्मतो कुठे? सुमारे तीन नॅनोमीटर जाडीच्या थरात. गॅलियम नायट्राइडच्या दोन थरांमध्ये इंडियम मिसळलेला हा पातळ थर दाबून बसवलेला असतो. इलेक्ट्रॉन त्याच्यात पडतो आणि अडकतो. अडकलेला इलेक्ट्रॉन बासरीतल्या हवेसारखा वागतो. बासरीची नळी आखूड केली की स्वर चढतो, तसा इलेक्ट्रॉनचा कोंडवाडा अरुंद केला की त्याची ऊर्जा चढते. ऊर्जा चढली, की बाहेर पडणारा प्रकाश निळ्या-जांभळ्याकडे सरकतो. थराची जाडी आणि त्यातलं इंडियमचं प्रमाण या दोन कळांवर दिव्याचा सूर लावला जातो.

हा सूर लावायला माणसाला तीन दशकं लागली. लाल एलईडी 1960 च्या दशकातच आला होता. निळा हाती लागेना, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो पेच सोडवला, आणि 1993 मध्ये नाकामुरांचा लख्ख निळा दिवा जगापुढे आला. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. खरं नवल पुढेच आहे. गॅलियम नायट्राइडचे स्फटिक नीलमाच्या चकतीवर वाढवतात आणि दोघांच्या अणूंमधली अंतरं जुळतच नाहीत. त्यामुळे एका चौरस सेंटिमीटरमध्ये कोट्यवधी दोष राहतात. एवढे दोष असलेले दुसरे अर्धवाहक केव्हाच विझले असते. हा मात्र झगमगतो! कारण त्या पातळ थरातल्या असमान जागांत इलेक्ट्रॉन अडकून राहतात आणि दोषापर्यंत पोहोचण्याआधीच उजेड देऊन मोकळे होतात.

पाड्यावर याचा अर्थ काय होतो? रॉकेलच्या चिमणीभोवती मुलांनी वही अगदी जवळ धरून बसायचं, डोळ्यांत धूर जायचा. एक वॅटचा एलईडी त्या चिमणीच्या कितीतरी पट उजेड देतो आणि धूर शून्य. 2014 पासून मुंबईच्या आयआयटीने दहा लाख सौरदिव्यांची मोहीम चालवली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या विद्यार्थ्यांना हे अभ्यासाचे दिवे अवघ्या 120 रुपयांत मिळाले. ते जोडले आणि दुरुस्त केले गावातल्याच माणसांनी. नोबेलविजेता तीन नॅनोमीटरचा थर गावातल्या हातांनी डब्यात बसवला.

आता तुम्ही म्हणाल, असे थर घडवायला अब्जावधींचा कारखाना लागत असणार. काहींना लागतो. पण काहींना काचेची चार चंचुपात्रं पुरतात, आणि ही गोष्ट महाराष्ट्राने फार लवकर ओळखली.

कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया पाण्यात विरघळवायचे, त्यात स्वच्छ धुतलेली काचपट्टी उभी करायची आणि पात्र 70-80 अंशांवर तापवायचं. सुरुवातीला द्रावण पाण्यासारखं नितळ. मग त्यावर पिवळसर झाक येते. थोड्या वेळाने पट्टी बाहेर काढली, तर तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा सोनेरी पातळ थर बसलेला असतो. पेटी नाही, निर्वात पंप नाही. दुसऱ्या पद्धतीत पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. प्रत्येक फेरीत अणूंची इवलीशी भर. किती फेऱ्या मारल्या, त्यावर जाडी ठरते. कॅडमियम विषारी, म्हणून हातमोजे हवेत आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांनी 2000 साली अशा रासायनिक थरांचा जो विस्तृत आढावा लिहिला, त्याचा आधार जगभरच्या संशोधकांनी घेतला. नंदुरबारची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही या बुडवा-धुवा पद्धतीने पातळ थरांचं काम झालं आहे.

आणि या पिवळ्या रंगातही एक चमत्कार दडलेला आहे. थरातले कण काही नॅनोमीटरपर्यंत लहान ठेवले, तर पिवळा रंग फिका पडत जातो. पदार्थ तोच, रंग वेगळा! कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचा तोच चढा स्वर इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अलेक्सेई एकिमोव्ह यांना 1981 मध्ये रंगीत काचेत आणि लुई ब्रूस यांना 1983 मध्ये कॅडमियम सल्फाइडच्याच द्रावणात हा परिणाम सापडला. मौंगी बावेंडी यांनी असे कण हव्या त्या नेमक्या मापाचे करायची रीत शोधली. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. ज्या निरीक्षणातून नोबेलपर्यंत वाट गेली, ते एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आपल्या टेबलावरच्या पात्रात बघता येतं.

मग आता उरलं काय? सर्वांत कठीण कोडं तर समोरच आहे. नुसतं सिलिकॉन उन्हाची जास्तीत जास्त 29 टक्क्यांच्या आसपास वीज करू शकतं. ती निसर्गाची मर्यादा. ती ओलांडायला सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढवतात. वरचा थर निळा-हिरवा उजेड घेतो आणि लाल उजेड सिलिकॉनसाठी खाली सोडतो. मुंबईच्या आयआयटीत अशा जोडपॅनेलांवर काम चालू आहे आणि तिथल्या चाचण्यांत कार्यक्षमता 30 टक्क्यांच्या उंबरठ्यावर पोहोचली आहे. हे पेरोव्हस्काइट द्रावणातून साध्या उष्णतेत वाढतं. पण त्याला पाणी सोसत नाही, फार तापलेलं चालत नाही. आणि सातपुड्याच्या छपरावर तर चार महिने पाऊस, पुढे कडक ऊन. तिथे पंचवीस वर्षं टिकेल असा थर अजून कुणाला साधलेला नाही. त्याला वाचवणारं काही नॅनोमीटरचं आवरण कशाचं करायचं, किती जाड ठेवायचं, हा प्रश्न खुला आहे. ज्याच्याकडे चार पात्रं आणि चिकाटी आहे, त्याने तो उचलावा.

आवर्तसारणीत मूलद्रव्यं 118 आहेत. पण आकार बदलला की लोखंडाची सुस्ती जाते, काच वीज सोडते, पिवळं फिकं होतं, करडं निळं होतं. म्हणजे त्या सारणीच्या प्रत्येक घरामागे लांबच लांब ओसरी आहे, एक नॅनोमीटरपासून शंभर नॅनोमीटरपर्यंतची, आणि तिच्यातली बरीचशी दारं अजून कुणी उघडून पाहिलेली नाहीत.